घरात दोन मोठी कुत्री असताना पिल्लू आणताय? आधी मोठ्यांचं बघा

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय. २ बीएचके फ्लॅट, साधारण साडेसहाशे स्क्वेअर फूट. घरात राणी, ९ वर्षांची लॅब्रॅडोर, हल्ली उठताना मागचे पाय आखडतात, आणि बंड्या, ४ वर्षांचा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, नसबंदी झालेला, जेवताना कोणी जवळ आलेलं त्याला खपत नाही. आता भांडुपला रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या एका फीडरकडे रस्त्यावरून उचललेलं साधारण ८ आठवड्यांचं मादी पिल्लू आहे ते येत्या शनिवारी घरी यायचंय. सासूबाईंचं म्हणणं सरळ समोरासमोर सोडा, दोन दिवसांत आपापलं बघून घेतील. ताईंना भीती वाटते बंड्या चावला तर. आणि प्रश्न असा की पहिल्या दिवशी ओळख नेमकी कशी करून द्यायची.

ताई, पहिल्या दिवशी ओळख करूनच देऊ नका. पहिल्या आठवड्यातही नको. मी गेली १६ वर्षं मुंबईत घरोघरी जाऊन कुत्र्यांच्या वागण्याचंच काम करतेय, आणि ज्या घरी भांडणं पार हाताबाहेर गेलेली असतात तिथे सुरुवात कशी झाली विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट ऐकायला मिळते, रिक्षातून उतरलो, पिल्लू हॉलमध्ये मधोमध ठेवलं, सगळे गोल करून बसलो, कोणीतरी व्हिडिओसाठी मोबाईल काढला आणि मोठ्या कुत्र्याला म्हणालो बघ तुला बहीण आणली. मोठ्याला पळायला वाट नाही, पिल्लाला लपायला जागा नाही, आणि सगळ्यांच्या नजरा दोघांवर.

पिल्लाची काळजी सगळे करतात. तो गोळा बघून कोणाचंही मन विरघळतं, आणि ८ आठवड्यांच्या पिल्लाला तुमचंच घर माहीत होतं असं वाटायला चार दिवस पुरतात. प्रश्न राणी आणि बंड्याचा आहे. त्यांची झोपायची जागा, पाण्याचं भांडं, संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून आल्यावर मिळणारी दहा मिनिटं, हे सगळं त्यांना न विचारता वाटलं जाणार आहे. म्हणून माझं सगळं उत्तर एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे, मोठ्या दोघांना नको असेल तेव्हा पिल्लापासून उठून जाता आलं पाहिजे, आणि ते उठून गेले की पिल्लाने मागे जाता कामा नये. हे सांभाळलंत तर निम्म्याहून जास्त काम झालं.

आता शनिवारचं. भांडुपहून निघालात की घरी न येता थेट व्हेटकडे जा. रस्त्यावरचं पिल्लू वरून कितीही टुणटुणीत दिसलं तरी गोचीड, जंत, खरूज यातलं काही ना काही सापडतंच, आणि खरूज मोठ्या कुत्र्यांना लागते, तुम्हालाही खाज सुटते. पण मला खरी भीती पार्व्होची आणि डिस्टेंपरची असते, दोन्ही व्हायरसमुळे होणारे जीवघेणे आजार. व्हायरस अंगात शिरल्यावर काही दिवस पिल्लू मस्त खेळत असतं आणि मग एका रात्रीत उलट्या आणि रक्ताची हगवण. म्हणून पहिले १४ दिवस ते एका बेडरूममध्ये वेगळं ठेवायचं, त्याची भांडी वेगळी, त्या खोलीत जायच्या चपला वेगळ्या, बाहेर आलात की हात साबणाने धुवायचे. फरशी पुसायला नुसतं फिनाईल पुरत नाही, पार्व्होचा व्हायरस त्याला दाद देत नाही आणि घरात महिनोन् महिने टिकतो. त्याला ब्लीचच लागतं, १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळल्यावरच पिल्लू सोडायचं.

लसीचं एवढं लक्षात ठेवा की पहिलं इंजेक्शन ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटचं १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. लोक दोन देऊन थांबतात. आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडीज लसीला काम करू देत नाहीत आणि त्या प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी संपतात, म्हणून ते शेवटचं चुकवायचं नाही. रेबीजचं ३ महिन्यांना. तोपर्यंत हे रस्त्यावरून आलेलं, रेबीजची लस न झालेलं पिल्लू आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. खेळताना दात लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, अगं पिल्लूच तर आहे म्हणून सोडायचं नाही. राणी-बंड्याची रेबीजची आणि बाकीची वार्षिक इंजेक्शनं झालीत का तेही कार्ड काढून आजच बघा, आणि जुलै चालू आहे, साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत असतं आणि त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस होतो, तर लेप्टोच्या लसीची तारीख आवर्जून बघा.

आणखी एक काम शनिवारच्या आधी करायचं, राणीला तपासून आणा. उठताना पाय आखडतात म्हणजे बहुतेक सांधे दुखतायत. दुखणारं कुत्रं चिडकं नसतं हो, त्याला फक्त धक्का सहन होत नाही, आणि पिल्लू म्हणजे दिवसभर धक्केच. जवळचा व्हेट नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, गर्दी असते पण अनुभवी डॉक्टर आहेत. दुखण्यावर औषध सुरू झालं की महिन्याभरात तेच कुत्रं पिल्लाशी खेळायला लागलेलं मी पाहिलंय, आणि त्याआधी घरचे सांगत होते की म्हातारीचा स्वभावच खडूस आहे.

पिल्लू १४ दिवस वेगळं ठेवायचं म्हटलं की लोकांना वाटतं ओळख लांबली. मी म्हणते ओळख तेव्हाच सुरू होते, फक्त ती वासाने होते. दाराच्या फटीतून राणी आणि बंड्या रोज त्याचा वास घेणार, त्याचं कुईं ऐकणार, पिल्लूही आतून तेच करणार. डॉक्टरांनी खरूज नाही असं सांगितलं आणि पिल्लाला जुलाब-उलट्या काही नाहीत तरच आठवड्याभराने पिल्लाने वापरलेला टॉवेल बाहेर आणायचा. तो कोणाच्या तोंडाशी न्यायचा नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात टाकायचा आणि त्याच्या आजूबाजूला उकडलेल्या चिकनचे चार बारके तुकडे. बंड्या वास घेईल, तुकडे खाईल, निघून जाईल. तेवढंच हवंय, की या वासाच्या आसपास चांगलं काहीतरी होतं.

मग गेट. बेबी गेट ऑनलाइन मिळतं, नाहीतर सुताराकडून जाळीचं फ्रेम करून घ्या, मुंबईत बेडरूमचं दार अरुंद असतं म्हणून माप घेऊनच मागवा. पहिल्या दिवशी गेटवर पूर्ण जुनी चादर टाकायची. दुसऱ्या दिवशी खालून चार बोटं वर करायची. तिसऱ्या दिवशी आणखी चार बोटं. रोज तेवढंच. बंड्या चादरीखालून पिल्लाचे पंजे बघतो आणि तुमच्याकडे वळून बघतो, तेव्हा लगेच तुकडा द्यायचा. तो वळूनच बघत नसेल, नुसता एकटक त्या फटीकडे बघत उभा असेल, अंग ताठ, तोंड बंद, तर चादर परत खाली. ही तुमची वेगाची पट्टी. बंड्या ठरवेल किती दिवस लागणार. काही कुत्र्यांना पाच दिवस लागतात, काहींना महिना.

आता प्रत्यक्ष भेट. सगळे सांगतात बाहेर मोकळ्या जागी, कोणाच्याच मालकीची नसेल अशा जागी भेटवा, सोबत चालवा. बरोबर आहे ते, पण पिल्लाचे डोस पूर्ण नाहीत आणि मुंबईच्या रस्त्यावर त्याला खाली ठेवणं म्हणजे पार्व्होला आमंत्रण. मी इथे गच्ची वापरते. भटकी कुत्री सहसा तिथे येत नाहीत, तुमच्या दोघांना ती आपली वाटत नाही. पावसात गच्ची निसरडी असते तर गच्चीच्या दाराबाहेरचं शेवटच्या मजल्याचं लँडिंग घ्या, आदल्या दिवशी ब्लीचच्या पाण्याने पुसून, सेक्रेटरींना सांगून. वर्षानुवर्षं त्या लँडिंगवर मोडक्या खुर्च्या आणि कोणाची तरी सायकल पडलेली असते, ती बाजूला करा, अडकायला काही नको.

आधी राणी. एकटी. बंड्याचा नंबर दुसऱ्या दिवशी, आणि दोघं एकदम तर दोन्ही भेटी चांगल्या झाल्यावरच, कारण दोन मोठी कुत्री मिळून ठरवतात तेव्हा पिल्लावर दुप्पट दडपण येतं. राणीला आधी सावकाश फिरवून आणा, शी-शू झालेली, थोडी दमलेली. पिल्लू जमिनीवरच हवं. हातात उचलून दाखवायचं नाही, वर धरलेली वस्तू कुत्र्याला उडी मारून हुंगावीशी वाटते आणि पिल्लूही घाबरून थिजतं. पट्टे दोघांना, पण सैल, यू आकारात लोंबणारे. पट्टा ताणला की कुत्र्याचं अंग पुढे झुकतं आणि समोरच्याला ती धमकी वाटते. एक माणूस राणीबरोबर, एक पिल्लाबरोबर, आणि दोघांनीही बोलायचं कमी. राणीने तीन सेकंद हुंगलं की आनंदी आवाजात बोलवायचं, राणी चल, आणि दोन पावलं मागे. ती आली की चिकन. परत जावंसं वाटलं तर जाऊ द्या, परत तीन सेकंद. पाच मिनिटं झाली की संपवा. सगळं छान चाललंय म्हणून अर्धा तास थांबू नका, लोक इथेच चुकतात, छान चाललेलं असतानाच घरी जायचं असतं.

बंड्याबरोबर हेच, पण आधी चांगली अर्ध्या तासाची वॉक.

आता मला सगळ्यात जास्त ज्यावर बोलायचंय ते, गुरगुरणं. मागच्या पावसाळ्यात गिरगावातल्या एका घरी गेले होते. पिंकी नावाची ११ वर्षांची पॉमेरेनियन दिवाणावर बसलेली, आणि १० आठवड्यांचं लॅबचं पिल्लू दिवाणाला पुढचे पाय लावून तिच्याकडे चढायला बघतंय. घरातले काका मला म्हणाले बघा किती शांत बसलीय, आता चांगलं जमतंय दोघींचं. मी पिंकीकडे बघत होते. तिने जांभई दिली, सकाळचे अकरा वाजलेले, झोपेची वेळ नव्हती. मग जीभ भराभर नाकावरून फिरवली. मग तोंड भिंतीकडे वळवलं पण डोळे पिल्लावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेचं पांढरं चंद्रकोरीसारखं दिसायला लागलं. इतका वेळ धापत होती ती थांबली, तोंड मिटलं. आणि मग ती पुतळ्यासारखी झाली. मी उठून पिल्लू उचललं. काकांना काहीच दिसलं नव्हतं, कारण पिंकीने आवाज काढला नव्हता. मी विचारलं ही पूर्वी गुरगुरायची का, तर म्हणाले हो, पहिल्या आठवड्यात फार, मग आम्ही ओरडून ती सवय मोडली.

ताई, ही सवय कधीही मोडू नका. बंड्या पिल्लावर गुरगुरला तर तो तुम्हाला सांगतोय की मला हे जड जातंय, काहीतरी करा. दात लावायच्या आधीचा तो शेवटचा सौजन्याचा आवाज आहे. त्यावर ओरडलात तर तो आवाज बंद होईल, जड जाणं बंद होणार नाही. हे मला शिकवलं माझ्या चिमीने. १३ वर्षांपूर्वी मी एका लंगड्या पिल्लाला घरी आणलं आणि चिमी गुरगुरली की मी "चिमी, नो" म्हणत राहिले, मला ते शिस्त लावणं वाटत होतं. तीन आठवड्यांत ती गुरगुरायची थांबली, मला वाटलं स्वीकारलं तिने. एका दुपारी पिल्लू तिच्या गादीवर चढलं आणि काही आवाज न होता पिल्लाच्या नाकाला दोन टाके पडले. चिमी नंतर पलंगाखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. चूक माझी होती आणि शिक्षा दोघींनी भोगली.

तेव्हा बंड्या गुरगुरला की शांतपणे पिल्लू उचलायचं किंवा बंड्याला हाक मारून दुसरीकडे न्यायचं, कोणाला रागवायचं नाही, आणि मग विचार करायचा की आत्ता काय होतं, पिल्लू किती जवळ होतं, बंड्या कशावर बसला होता, कोणाच्या हातात खायला होतं. वहीत लिहून ठेवा. चार-पाच नोंदी झाल्या की सारखं काय आहे ते आपोआप दिसतं.

मोठी कुत्री पिल्लाला थोडं रागावतात ते चालतं का, हे पण सगळे विचारतात. चालतं, आणि हवंही असतं. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे, आणि राणीचे लोंबते कान बघितले की ते लटकणारच. राणीने भुंकून हवेत दात आपटले, पिल्लू मागे सरकलं किंवा कुईं केलं आणि राणीने तिथेच सोडून दिलं, की विषय संपला. तेवढं शिकवणं आपल्यापेक्षा तिलाच चांगलं जमतं. पण पिल्लू उताणं पडून गप्प झालंय तरी ती वरून हटत नाही, किंवा पिल्लू लांब असताना बंड्या मान खाली घालून दबकत त्याच्याकडे येतोय, किंवा पिल्लाला धरून हलवतोय, तर ताबडतोब वेगळं करा आणि परत गेटच्या टप्प्यावर जा. खेळ चाललाय की त्रास हे कळत नसेल तर सोपी युक्ती, जो वरचढ वाटतोय त्याला दहा सेकंद धरून ठेवा. खालचा स्वतःहून परत खेळायला आला तर खेळ होता. संधी साधून सोफ्याखाली गेला तर नव्हता.

कोणीतरी नक्की सांगेल की बंड्याला उताणा पाडून दाबून ठेवा, बॉस कोण ते कळू द्या. यामागे जुनी कल्पना आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने प्राणिसंग्रहालयातल्या, म्हणजे एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून अल्फाचं, म्हणजे कळपातल्या दादाचं, मांडलं होतं, आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक ज्यांनी पुढे हा शब्द लोकांपर्यंत पोचवायला हातभार लावला त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे मारामारी करून कोणी अल्फा होत नाही. तुमच्या हॉलमध्ये तर त्याचा काहीच संबंध नाही. बंड्याला दाबलंत तर तो एवढंच शिकेल की पिल्लू आसपास असलं की ताई अंगावर येतात.

बंड्याचं जेवण. तिघांची जेवणं तीन ठिकाणी आणि मध्ये बंद दार, राणी किचनमध्ये, बंड्या बाल्कनीत किंवा दुसऱ्या बेडरूममध्ये, पिल्लू त्याच्या खोलीत. जेवण झालं की भांडी उचलायची, चाटत बसू द्यायचं नाही. चघळायची हाडं, आवडती खेळणी पहिले काही महिने गेटच्या अलीकडे-पलीकडेच. बंड्याच्या भांड्यात हात घालून सवय करायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्याने राखण करणं वाढतं. पण तुमच्या घरात खरा धोका मला चहाच्या वेळेचा वाटतोय. सासूबाई चहात बिस्कीट बुडवणार, अर्धं गळून खाली पडणार, आणि तिन्ही तोंडं एकाच फरशीवर. मी बघितलेल्या भांडणांपैकी कितीतरी असल्याच अर्ध्या बिस्किटावरची आहेत. तेव्हा आजींच्या चहाला पिल्लू गेटच्या आत. आजींना हे प्रेमाने सांगा, त्यांना बिस्किटं द्यायचीच असतील तर प्रत्येकाला नाव घेऊन, आधी राणी, मग बंड्या, मग गेटवरून पिल्लाला, हे काम त्यांच्याकडेच द्या, त्या मनापासून करतील.

दुसरी जागा म्हणजे मेन डोअर. बेल वाजली की तिघं त्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये धावणार, एकमेकांवर आदळणार, उत्साहाचं रूपांतर रागात व्हायला तिथे क्षण लागतो. बेल वाजली की पिल्लू उचलून खोलीत, मगच दार. डबेवाला, कचरेवाला, कुरिअर, दिवसातून किती वेळा बेल वाजते मोजा एकदा.

पिल्लाच्या झोपेकडे फार कमी लोक लक्ष देतात. ८ आठवड्यांचं पिल्लू दिवसाला १८ ते २० तास झोपतं, झोपायलाच हवं. संध्याकाळी सात-साडेसातला ते येड्यासारखं धावतं, सगळ्यांना चावतं, तेव्हा त्याला आणखी खेळवून दमवायला जाऊ नका. ते दमलेलंच आहे, त्याला झोपवा. तासभर जागं, दीड-दोन तास झोप असं चक्र लावलंत तर पिल्लूही शहाणं होतं आणि राणीला दिवसात चार-पाच वेळा शांत घर मिळतं. त्या वेळात मोठ्या दोघांना तुमच्याजवळ घ्या. आणि त्यांची सकाळ-संध्याकाळची वॉक पूर्वीसारखीच, पिल्लाशिवाय, पिल्लाचे डोस पूर्ण झाल्यावरसुद्धा निदान एक वॉक फक्त त्यांची.

पिल्लाला मात्र १६ आठवड्यांचं होईपर्यंत कोंडून ठेवू नका. ३ ते साधारण १२-१४ आठवडे हा त्याचा जग ओळखायचा काळ, तो गेला की नवीन गोष्टींची भीती बसायला लागते. १४ दिवस झाले आणि तब्येत ठीक असली की कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनकाकांजवळ दहा मिनिटं बसा, रिक्षा, छत्र्या, शाळेची मुलं, लांबून लोकलचा आवाज, खाली ठेवायचं नाही एवढंच. गणपतीच्या ढोल-ताशाच्या आधी हे जमलं पाहिजे, आणि मिरवणुकीच्या दिवसांत नवीन काही प्रयोग नको, मोठे दोघेही त्या आवाजाने आधीच ताणलेले असतात, घरात पाहुणे असतात, तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत पंखा आणि टीव्ही लावून ठेवा.

समजा तरी भांडण पेटलंच, तर मध्ये हात घालायचा नाही, गळ्याचा पट्टा पकडायला वाकायचं नाही, त्या क्षणी कुत्र्याला हात कोणाचा ते कळत नाही. स्टीलचं झाकण जमिनीवर आपटा, जाड चादर दोघांवर टाका, किंवा जेवायचा पाट दोघांच्या मध्ये सरकवा. हॉलमध्ये कोपऱ्यात एक पाट आणि एक चादर ठेवूनच द्या. नंतर वेगळ्या खोल्या, दुसऱ्या दिवसापर्यंत भेट नाही, आणि पिल्लाच्या अंगावर केसांखाली दाताचं छिद्र आहे का ते बोटांनी चाचपून बघा, वरून दिसत नाही.

आणखी एक आधीच सांगते. सगळं सुरळीत झालं, तीन महिने छान गेले, आणि पिल्लू ५-६ महिन्यांचं झालं की अचानक मोठे त्याच्यावर खेकसायला लागतात. तोपर्यंत पिल्लू म्हणून दिलेली सूट तेव्हा संपते. घाबरू नका, पण त्या काळात गेट परत बाहेर काढा. आणि ही मादी आहे, राणीही मादी. माझ्या अनुभवात दोन माद्यांमधलं वैर एकदा बसलं की निस्तरायला सगळ्यात कठीण जातं, म्हणून पहिल्या माजाच्या आधी की नंतर ऑपरेशन करायचं ते व्हेटशी चौथ्या-पाचव्या महिन्यातच बोलून ठेवा. दोनदा रक्त निघालं, किंवा राणीने खाणं सोडलं, खोलीबाहेर यायचं सोडलं, तर वाट न बघता कोणाला तरी घरी बोलवा, आणि मारझोड, शॉक कॉलर, गळा आवळणारी साखळी सुचवणारा असेल तर दारातूनच परत पाठवा.

सासूबाईंना सांगा, आपापलं बघून घेतील हे वाडीतल्या मोकळ्या अंगणात होतं, तिथे रुसलेलं कुत्रं उठून विहिरीपाशी जाऊन बसायचं. साडेसहाशे फुटांत ती विहीर आपल्याला करून द्यावी लागते. राणीसाठी एक कोपरा ठरवा, जिथे पिल्लाला कधीही प्रवेश नाही, तिची गादी आणि पाणी तिथेच.

शनिवारी जाताना राणी आणि बंड्या झोपतात ती न धुतलेली चादर बरोबर घेऊन जा आणि पिल्लाला येताना त्यातच गुंडाळून आणा, रात्री त्याच्या खोलीत तीच राहू द्या. पहिल्या रात्री ते रडेल, तुम्ही त्याच खोलीत खाली गादी टाकून झोपा. आणि बंड्या दाराबाहेर बसून काय करतो, आडवा पडतो की उभाच राहतो, कान कुठे असतात, ते बघून रविवारी मला लिहा, पुढचं त्यावर ठरवू.